चंदा अजून उपाशी आहे, बाई

बाई, तुम्ही गेल्यापासून कालपर्यंत मी कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं नाई. तेच, तुमच्या पिवळ्या साडीचं, चहाचा डाग पडलेलं. रोज झाडू मारता मारता त्याच्यापाशी जात होती, कोपरा धरत होती आणि सोडून देत होती. आमचे हे कटकट करून राह्यले होते. म्हणत होते, फॉर्म भरायले लोक येतात आणि दारातून परत जातात, धंदा बंद करायचा आहे का तुले. मी म्हणत होती, डोळे दुखतात. दुसरं काय सांगू त्यायले? त्या फडक्याखाली चंदा बसली होती, तिसरी खूण ओलांडून, आणि काय करा लागते ते तुम्ही मले अर्धंच सांगून गेल्या.

लोकायले कळलं तर म्हणतीन, जाऊ मेली आणि हिले खेळाची पडली. पडली आहे. मी जातीची घाबरट, हे तुमच्याइतकं कोणाले माहीत? दूध उतू जाईन म्हणून मी गॅसपाशी उभी राहते, आणि उभी राहूनही ते उतू जाते. खेळ बंद असला की चंदाची भूक वाढत नाई, जिथं ठेवली तिथंच राहते, हे मीच तुम्हाले शिकवलं होतं. तरी जेवायले बसली की वाटे, पट्टी थोडी पुढं सरकली असन.

सुरुवात तुमच्याचमुळं झाली, हे मी अजूनही म्हणीन. भावानं पुण्याहून त्याचा जुना कॉम्प्युटर मले पाठवला, फॉर्म भरायच्या कामासाठी. त्याच्यात त्याचा तो खेळ तसाच राहून गेला होता. डोंगर, जंगल, तलवारी, जादूटोणा. दुपारी माणसं वावरात गेली, सासूबाई आडव्या झाल्या, की मी तो उघडून बसत होती. तुम्ही मागं चटईवर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. एक दिवस माझ्या गड्याले गुहेत रक्तपिशाच चावलं आणि तो स्वतःच रक्तपिशाच झाला. मी म्हटलं, गेलं आता, पह्यल्यापासून सुरू करा लागते. तुम्ही विचारलं, काऊन, जित्ता आहे ना तो? म्हटलं, जित्ता आहे, पण आता याले भाकर चालत नाई, रक्तच लागते, आणि नाई भेटलं तर भूक वाढतच जाते. तुम्ही जुडी बाजूले ठेवली.

"मंग त्यात काय?" तुम्ही म्हटलं. "भूकच आहे ना. सरक तिकडं."

गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचा वास आला तर नाकाले पदर लावणाऱ्या तुम्ही, आणि बसल्या रक्त पिणारी बाई खेळायले. मी हसली तर तुम्ही म्हटलं, मी कुठं पिऊन राह्यली, ती पिऊन राह्यली. बाईमाणूस पाहिजे म्हणून आपण नवा खेळ सुरू केला. नाव काय टाकू म्हटलं, तर तुम्ही दाराकडं पाह्यलं आणि हळूच म्हटलं, चंदा टाक. मी विचारलं, चंदा कोण? तर म्हटलं, मीच. वडनेरले माहेरी तुम्ही चंदा होत्या. लग्नाच्या दिवशी तुमच्या मालकायनं, आमच्या भासऱ्यायनं, ताटातल्या तांदळात अंगठीनं सुनंदा लिहिलं आणि त्या दिवसापासून ते नाव कोणी घेतलं नाई. इतक्या वर्षांची जाऊ मी तुमची, मले ते कॉम्प्युटरपाशी बसून कळलं.

त्याच दिवशी मी घाईत न वाचता एक बटण दाबलं आणि एकच जीव असलेला खेळ सुरू झाला. चंदा मेली तर मेली, मागचं सारं पुसून जाते, परत आणता येत नाई. मी म्हटलं, बंद करून दुसरा काढते. तुम्ही माझा हात धरला आणि म्हटलं, राहू दे, आपलं तरी कुठं दुसरं आहे.

कोपऱ्यातली ती लाल पट्टी मले अजून डोळे मिटले की दिसते. तिच्यावर चार खुणा. पह्यली आली की चंदाले अंधारात दिसे. दुसरी आली की ऊन पोळे. तिसरीवर तिचं तोंड बदले, डोळे खोल जात, गावातले लोक तिले पाहून दारं लावून घेत, पण अंगात जोर मात्र असा येई की भिंतीवर उडी मारून चढे. आणि चौथीवर पट्टी गेली की जिथं दिसन तिथं शिपाई तिले मारायले धावत. प्यायली की पट्टी पुन्हा रिकामी, तोंड माणसासारखं. साधं गणित होतं. भूक लागली तर जाऊन प्या लागते. झोपलेल्या माणसाच्या घरात शिरा, प्या, तो मरतही नाई, सकाळी उठून आपल्या कामाले लागते.

पण तुम्हाले ते चालेना. तुमचं म्हणणं, धुऱ्यापलीकडच्या वावरातलं वांगं आपण विचारल्याबिगर तोडत नाई, मंग झोपलेल्या माणसाचं रगत कसं घेऊ? मी कपाळाले हात लावला. सांगितलं की हा खेळ तसाच आहे, ते लोक खरे नाईत. तुम्ही म्हटलं, चंदा तर खरी आहे. साऱ्या त्या मुलखात विचारल्यावर हो म्हणणारी एकच भेटली, टेकडीवरच्या धर्मशाळेतली म्हातारी. तिले जंगलातला पाला आणून दिला की ती म्हणे, पी, पण मले उभं राहता येईन इतकं ठेव. ते इंग्रजी वाक्य मी तुम्हाले सांगितलं तेव्हा तुम्ही कितीतरी वेळ त्या म्हातारीकडं पाहत बसल्या होत्या. म्हटलं, हिचंही घर असंच असन.

झालं, तेव्हापासून आपली वरात त्या एका टेकडीभोवती. कुठंही जायचं तर परत म्हातारीपाशी येता आलं पाहिजे. मी पह्यल्या खुणीलेच घाई करत होती, चला आता, चला. तुम्ही म्हणत होत्या, जाते अजून, काई होत नाई. उन्हात कुठून न्यायचं, कोणत्या झाडाखाली थांबवायचं, किती वेळ गुहेत बसवायचं, हे तुम्हाले बरोबर समजे. धुऱ्याधुऱ्यानं चाल, बोरीखालून जा, असं तुम्ही तिले मराठीत सांगत होत्या आणि कॉम्प्युटरचा उंदीर फिरवत होत्या. एकदा तर मी डोळ्यावर पदर घेतला आणि तुम्हीच सांगितलं, उघड, पोचली.

आपलं भांडण एकच होतं आणि ते संपलं नाई. तुम्हाले तिसरी खूण आवडत होती. तुम्ही मुद्दाम तिले तिथवर ताणत होत्या, भिंतीवर चढवत होत्या, लांडगा मारत होत्या आणि म्हणत होत्या, पाहाय, उपाशी माणसाले कसा जोर येते. मी म्हणत होती, जोर नाई येत बाई, नुसतं लोक दार लावून घेतात. तुम्ही म्हणत होत्या, लावू दे, कोणाच्या दारात जायचं आहे. एकदा मी चिडून म्हटलं की तुमच्यासारख्या बायकायनं उपासाचं वेड लावलं साऱ्या घराले. सोमवार तुमचा, गुरुवार तुमचा, एकादशी आणि चतुर्थी तुमची, आणि साबुदाण्याची उसळ खाणारे सारे बाकीचे. तुम्ही हसल्या. कढई खरवडून जे निघे तेवढं तुमचं, हे तुम्हालेही माहीत होतं आणि मलेही.

या घरात मी नवरी होऊन आली तेव्हा बायकायनं मागून जेवायचं, हे मले माहीत होतं. माहेरीही तसंच होतं. पण इथं तुम्ही टोपल्याखाली एक वाटी झाकून ठेवत होत्या, माझ्यासाठी. वरण, कधी पिकल्या लाल भेदराची चटणी, आणि एक घडी केलेली पोळी. सासूबाई अंगणात गेल्या की डोळ्यानं खुणवत होत्या, खाऊन घे. पोटुशी होती तेव्हा तर तुम्ही मले मोरीपाशी उभी करून खाऊ घातलं आणि स्वतः दारात पहाऱ्याले उभ्या राह्यल्या. मी तुमच्यासाठी तशी वाटी झाकून पाह्यली होती, बाई. दर वेळी ती तुमच्या पल्लवीच्या नाई तर माझ्याच पोरायच्या पोटात गेली. विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर, मले भूक नाई.

हेच वाक्य मले आता खाऊन राह्यलं.

मागच्या उन्हाळ्यात तुमचं खेळणं बदललं. चंदाची पट्टी पह्यल्या खुणीले लागली की तुम्ही तिले म्हातारीकडं घेऊन निघत होत्या. ना ताणणं, ना भिंतीवर चढवणं. मी म्हटलं, आलं का शेवटी माझ्या वळणावर? तुम्ही म्हटलं, खाऊ दे तिले, तिले तरी लागते. मी ते ऐकलं आणि पालक निवडत राह्यली. तिले तरी लागते. त्यातलं ते "तरी" मले दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्यावर ऐकू आलं.

चंदाच्या कोपऱ्यात पट्टी होती, तुमच्या नव्हती. तुम्ही अर्धी भाकर ठेवून उठत होत्या, पण तुम्ही सगळ्यायच्या मागून बसत होत्या, पाहणारं कोण होतं? चोळी ढिली झाली तर तुम्ही टाके घातले. वजन उतरलं तर शेजारच्या बायका म्हणाल्या, सुनंदाबाई, चांगल्या दिसून राह्यल्या. वर्ध्याच्या दवाखान्यात तो तरुण डॉक्टर साधाच प्रश्न विचारत होता, भूक कधीपासून लागत नाही. आम्ही सारे तिथं उभे. भासरे, आमचे हे, सासूबाई, मी. मंग सासूबाई म्हणाल्या, आणि त्यायच्या बोलण्यात खोटं काई नव्हतं:

"तिले कधी भूक लागतच नव्हती, साहेब."

डॉक्टरनं लिहिता लिहिता पेन थांबवला. भासरे भिंतीकडं तोंड करून उभे राह्यले. तुमच्या पोटात ती गाठ किती दिवसांची होती, हे कोणालेच सांगता आलं नाई, आणि जे सांगितलं ते उशिराचं होतं. मी घाबरट बाई, दुधाले भिते, लाइन जाईन म्हणून भिते, जंगलाच्या बाजूच्या वावरात दिवस कलल्यावर पोरायले जाऊ देत नाई. आणि ज्याले भ्यायचं होतं ते माझ्याच मागं चटईवर जुड्या बांधत बसलं होतं.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीचं सांगते. मी वावरातून आली तर तुम्ही खुर्चीवर बसल्या बसल्या झोपून गेल्या होत्या. हात उंदरावर तसाच. खेळ चालूच होता. चंदा गावाबाहेरच्या पडक्या देवळात बसून होती आणि तुम्ही झोपल्या तेवढ्या वेळात तिकडचे दिवस उलटून गेले होते. पट्टी तिसऱ्या खुणीच्या पुढं, चौथीले टेकायले थोडी जागा. मी तुम्हाले उठवलं नाई. जसं होतं तसं जतन केलं, बंद केलं, वरून फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशी आपण दवाखान्यात गेलो.

तिथं तुम्ही फार बोलत नव्हत्या. सलाइन लागलेलं, ओठ कोरडे. एका दुपारी मी एकटी होती तर तुम्ही विचारलं, चंदा कुठी आहे? मी म्हटलं, देवळात, तुम्ही बऱ्या व्हा, मंग पाहू. तुम्ही मान हलवली. म्हटलं, "तिले खाऊ घालजो. फार ताणू नको." मंग थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हटलं, "आणि पल्लवीले..." तेवढ्यात सिस्टर आली, तुमचा हात पाह्यला, सुई बदलली. ती गेल्यावर मी विचारलं, पल्लवीले काय, बाई? तुम्हाले झोप लागली होती. नंतर दोनदा विचारलं, तुम्ही नुसतं माझ्याकडं पाह्यलं. मी पल्लवीले काय करू? शिकवू, लग्न करू, जपू, काय? कोणीही म्हणीन, आई आहे, काळजीनं नाव घेतलं असन. पण मले अर्धं वाक्य झेपत नाई, हे तुम्हाले माहीत होतं.

तेरवीले तुमच्या आवडीचं पान वाढायचं होतं. आचाऱ्यानं विचारलं, बाईले काय आवडे? बाई, कोणाले सांगता आलं नाई. भासरे म्हणाले, श्रीखंड करा. श्रीखंड त्यायले आवडते. सासूबाई म्हणाल्या, काई नखरे नव्हते माय तिचे, जे उरे ते खाय. त्या रडत होत्या हे म्हणताना, म्हणून मी राग गिळला. मले माहीत होतं तुम्हाले काय आवडे. धर्मशाळेतल्या म्हातारीच्या टेबलावर ताजी भाकरी ठेवलेली दिसे, वाफ निघत असलेली. चंदाले ती खाता येत नव्हती. एकदा तिच्याकडं पाहत तुम्ही सांगितलं होतं, वडनेरले चंदा वावरातून आली की सरळ चुलीपाशी बसे, आणि आई तव्यावरची पह्यली भाकर काढून तिच्या हातात देई, वरून तेल, मीठ, तिखट. हात पोळे, पण सोडवत नव्हती. या घरात पह्यली भाकर भासऱ्यायच्या ताटात जाते आणि शेवटची, जाड, कडेनं करपलेली, तुमच्या. मी आचाऱ्याले म्हटलं, चुलीवरची पह्यली भाकर ठेवा पानात. सासूबाई म्हणाल्या, तेरवीच्या पानात भाकर कोण ठेवते, लोक काय म्हणतीन? श्रीखंडच वाढलं. मी अजून त्या पानापाशी उभी आहे मनातून.

आता जे सांगायचं होतं ते सांगते. म्हणूनच हे सारं सांगायले बसली.

पल्लवी जेवत नाई. म्हणजे जेवते, पण तुमच्यासारखी. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं तुमची जागा घेतली. कोणी सांगितलं नाई. वाढते, सगळ्यायच्या ताटाकडं पाहते, कोणाले मीठ, कोणाले पाणी, आणि तू बस ना म्हटलं की म्हणते, तुम्ही घ्या काकू, मले भूक नाई. तुमचाच आवाज. पह्यल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला वरणाचा गंज खाली पडला. सोमवारचा उपासही धरला तिनं, आईचा राह्यला म्हणून. सासूबाई कौतुक करून राह्यल्या, पोरगी आईवर गेली. बारावीचं वर्ष, सकाळी ऑटोनं सेलूले जाते, संध्याकाळी येते, डोळे खोल गेले. मी तिच्या मागं मागं फिरते, डब्यात किती उरलं ते पाहते, मनगट धरून पाहते. दुःख आहे, का उपास आहे, का तेच आहे जे तुम्हाले होतं, मले काई समजत नाई. तिच्याही कोपऱ्यात पट्टी नाई. रागावली तर म्हणते, काकू, तुम्ही उगाच घाबरता. डॉक्टरकडं चाल म्हटलं तर म्हणते, परीक्षा झाल्यावर. मी पदराआड वाटी झाकून ठेवते टोपल्याखाली, तुम्ही शिकवली तशी. सकाळी ती वाटी तशीच भेटते.

काल तिच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. मी म्हटलं, वर्ध्यावरून भरून आण. ती म्हणाली, घरी कॉम्प्युटर असून? आणि जाऊन सरळ फडकं ओढलं. मी काई बोलायच्या आत चालू केला. फॉर्म भरला. दिवस कलला होता, अंगणात सासूबाईनं चूल पेटवली होती, भाकरी थापायचा आवाज येऊन राह्यला होता. फॉर्म झाल्यावर पल्लवी उठली नाई. स्क्रीनवर खेळाचं चित्र होतं, त्याच्यावर बोट ठेवून म्हणाली, हे आईचं आहे ना? मले वाटलं होतं घरात आपल्या दोघींलेच माहीत आहे. ती म्हणाली, मी दारातून पाहत होती, आई इथं बसली की वेगळीच दिसे. तिनं विचारलं आणि मी सारं सांगितलं. नाव कोणाचं, एकच जीव कसा, पट्टी कुठवर आली आहे. आणि हेही सांगितलं की उघडू नको, लाइन जाईन, चौथी खूण लागन, मरून गेली तर पुसून जाईन, मंग आपल्यापाशी काई राहणार नाई. ती ऐकत होती आणि उघडत होती.

चंदा तशीच होती, बाई. पडक्या देवळात, खांबाले टेकून, तोंड ओळखू न येणारं. पट्टी चौथीच्या काठावर. टेकडी लांब, वाटेत शिपायायची चौकी. मी म्हटलं, म्हातारीपर्यंत पोचत नाई, काई केलं तरी पोचत नाई. आणि पोचली तरी तवर चौथी लागन, मंग ती दार उघडन का, माहीत नाई. देवळाच्या खाली ओढ्यावर एक पाणचक्की होती, तिच्यात चक्कीवाला झोपला होता. पल्लवी तिले तिकडं घेऊन निघाली. मी तिचा हात धरला. सांगितलं की तुझ्या आईनं कधी असं केलं नाई, विचारल्याबिगर तिनं कोणाचं घेतलं नाई, आजपर्यंत एकदाही नाई.

पल्लवीनं माझ्याकडं पाह्यलं. रडली नव्हती ती तेरवीलेही, तेव्हा रडली. "म्हणूनच मेली ना, काकू," ती म्हणाली. "तिनं कधी घेतलंच नाई."

मी हात सोडला. तिनं चंदाले पाणचक्कीत नेलं, दार लोटलं, झोपलेल्या माणसापाशी बसवलं. चौथी खूण लागायच्या आत. पट्टी एकदम खाली आली, रिकामी झाली, आणि चंदाचं तोंड परत माणसाचं झालं. तुम्ही सुरुवातीले निवडलं होतं तसंच, गोल, थोडं रागीट. चक्कीवाला कुशीवर वळला आणि झोपून राह्यला. पल्लवीनं जतन केलं, नाव वाचलं, मोठ्यानं वाचलं, चंदा. या घरात ते नाव मोठ्यानं कोणी घेतलेलं मी पह्यल्यांदा ऐकलं.

तुम्हाले राग आला असन तर येऊ द्या. मीही रात्रभर तेच घोळवत होती, बाईचा एवढा नियम, पोरीनं एका झटक्यात मोडला. मी अडवायले पाहिजे होतं का? तुम्ही "आणि पल्लवीले" म्हणून जे म्हणणार होत्या, ते हेच होतं का दुसरंच काई, हे आता कोण सांगन? मले तुमच्यासंग भांडायचं होतं यावर. तुम्ही जुडी बांधता बांधता काई तरी म्हटलं असतं आणि मी गप्प झाली असती.

पण पुढचं ऐका. पल्लवी उठली, डोळे पुसले आणि अंगणात गेली. मी मागं. सासूबाईनं पह्यली भाकर तव्यावरून काढून विस्तवाले लावली होती, टम्म फुगलेली, शेजारी भासऱ्यायचं ताट मांडून ठेवलं होतं. भासरे हात धुवून येऊन राह्यले होते. पल्लवी चुलीपाशी बसली, भाकर उचलली आणि मोडली. कोणाले विचारलं नाई. तेलाची बाटली ओढली, मीठ घेतलं, तिखट घेतलं. हात पोळून राह्यले होते, ती फुंकत होती आणि खात होती. भासरे दारात तसेच उभे राह्यले. सासूबाईचा पिठाचा हात परातीत थांबला होता. मले वाटलं, आता त्या काई बोलतीन, आता पोरगी अर्धी भाकर टाकून उठन, आता सारं परत जिथं होतं तिथं जाईन. मी दाराची चौकट घट्ट धरून उभी होती.

सासूबाईनं विस्तव पुढं ओढला. मंग त्यायनं पिठाचा दुसरा गोळा घेतला, दोन्ही हातात धरला आणि विचारलं, "आणखी टाकू?"

तोंडात घास होता, तरी पल्लवी म्हणाली, "टाक."